अल्सरचं दुखणं नेमकं कुठे जाणवतं? काळजाखाली, बेंबीवर की पाठीत?

कृष्णाकाठ, कराड
आपल्याकडे कुणी काळजाखाली कालवतंय म्हणतं, कुणी पोटात आग पडलीय म्हणतं, जुनी माणसं वायगोळा उठला म्हणतात. औषधाच्या दुकानात येऊन मागतात मात्र एकच, पित्ताची गोळी. या सगळ्या बोलण्यामागे अल्सर, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तराला पडलेली जखम, असू शकतो आणि नसूही शकतो. म्हणून हा धागा.

आधी जागा. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक बोटानं चाचपा, जिथे दोन्हीकडच्या बरगड्यांची कमान एकत्र येते. तिथून बेंबीपर्यंत साधारण वीतभर अंतर भरतं. अल्सरचं दुखणं बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतं, आणि त्यातही वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे ज्याला आपण खळगी म्हणतो तिथे. कधी मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे, कधी जरा डावीकडे. बेंबीच्या खाली दुखत असेल तर आधी दुसरं काही शोधायला हवं.

दुखण्याची जात जळजळीची, कुरतडल्यासारखी, नाहीतर फार भूक लागल्यावर पोटात खड्डा पडतो तशी. "कुठं दुखतंय?" विचारल्यावर माणसाचा हात कुठे जातो ते नीट बघावं. दोन बोटं किंवा तळवा खळगीवर टेकला तर जठराकडे लक्ष द्या. बोट खळगीतून वर गळ्याकडे ओढलं तर आंबट पाणी वर येण्याचा त्रास जास्त संभवतो. हात उजव्या बरगडीखालून मागे पाठीच्या फऱ्याकडे गेला तर पित्ताशयातले खडे. कमरेच्या बाजूनं जांघेकडे उतरला तर मुतखडा. हा हात माणूस विचार करून फिरवत नाही, म्हणून शब्दांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

येरळामाई
पण जठर तर डावीकडे असतं ना? मग दुखतं मधोमध, हे कसं?

शरीरशास्त्र_विटा
येरळामाई, चांगलं विचारलंत. बोटात काटा रुतला तर डोळे मिटूनही जागा सांगता येते, कारण त्वचेत संवेदनांचं जाळं दाट असतं. आतल्या अवयवांचं तसं नाही. त्यांच्या नसा विरळ, आणि त्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत शिरतात. जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम, यांच्याकडून येणारी कळ पाठीच्या साधारण पाचव्या ते नवव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूत पोचते. त्याच पातळीवर पोटाच्या वरच्या मधल्या भागातल्या त्वचेच्या नसाही येतात. मेंदूला त्वचेची सवय जास्त, म्हणून कळ कुठलीही असो, तो ती तिथेच मांडतो.

याच वाटेनं यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंडाच्या कळाही वर जातात. गर्भात हे सगळे अवयव एकाच नळीच्या पुढच्या भागातून तयार होतात, म्हणून त्यांचं दुखणं सुरुवातीला एकाच खळगीत येतं. अॅपेंडिक्सही आधी बेंबीभोवती दुखतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं.

सूज जेव्हा जठराबाहेर पोटाच्या पोकळीच्या अस्तराला भिडते, तेव्हा मात्र दुखणं एका जागी ठळक होतं, हात लावला तरी सहन होत नाही. मोघम दुखणारं पोट असं नेमकं दुखायला लागणं हे चांगलं लक्षण नव्हे.

कृष्णाकाठ, कराड
म्हणूनच जागेइतकीच वेळ महत्त्वाची. माझ्या मते तर जास्तच.

ड्युओडेनमच्या अल्सरची ठरलेली चाल अशी: जेवणानंतर दोन ते पाच तासांनी दुखायला लागतं, म्हणजे पोट रिकामं झाल्यावर. रात्री आठला जेवून साडेनऊला आडवा झालेला माणूस बारा-एकच्या सुमारास पोट धरून उठून बसतो, चार बिस्किटं किंवा अर्धी भाकरी खातो, आणि वीस मिनिटांत परत झोपतो. जठरात आम्ल तयार होण्याला दिवसाचा ताल असतो, साधारण रात्री दहा ते दोन या वेळेत ते सगळ्यात जास्त असतं. अन्न असलं की आम्ल त्यात खर्ची पडतं. अन्न संपलं की ते उघड्या जखमेवर. पहाटे आम्ल उतरतं, त्यामुळे असा माणूस सकाळी उठतो तेव्हा बहुधा बरा असतो. रात्री एवढा कळवळत होता आणि सकाळी ठणठणीत, म्हणून घरच्यांना ते नाटक वाटतं. तसं समजू नका.

जठराच्या अल्सरला उलट जेवण नकोसं होतं. खाल्ल्यावर लगेच किंवा अर्ध्या तासात दुखतं, मग माणूस घास कमी करतो आणि वजन उतरतं.

सिव्हिल_सिस्टर
दादा, इथे एक भर घालते. हे दोन नमुने पुस्तकात सरळ दिसतात, वॉर्डात एकमेकांत मिसळलेले असतात. जठराचा अल्सर असून खाल्ल्यावर बरं वाटणारेही असतात. काहींना अल्सर नसतोच, पण दुखणं हुबेहूब तसंच. तेव्हा "खाल्ल्यावर राहतं म्हणजे ड्युओडेनमचाच" असं घरी ठरवून टाकू नका. डॉक्टरांना सांगायला ही माहिती फार उपयोगी, निदान करायला अपुरी.

आणि मोठ्या वयाच्या बऱ्याच रुग्णांत अल्सर दुखतच नाही. विशेषतः वेदनाशामक गोळ्या रोज खाणाऱ्यांत. जी गोळी जखम करते तीच कळही दाबते. पहिलं लक्षण थेट काळी शी, नाहीतर चक्कर येऊन पडणं.

ऊसपट्टा_वाळवा
हा मुद्दा मोठा करून लिहा, सिस्टर. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तोडणीच्या फडात अंगदुखीची गोळी चहाबरोबर चालते. सकाळी एक, संध्याकाळी एक, चार-पाच महिने.

कृष्णाकाठ, कराड
लिहितो. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड, केटोरोलॅक, अॅस्पिरिन ही सगळी एकाच घराण्यातली. जठराच्या अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो आणि त्यात आम्ल मारणारा क्षार. हा थर टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात. वेदनाशामक गोळी सांध्यातली सूज उतरवते ती याच द्रव्यांची निर्मिती थांबवून, आणि ती रक्तातून सगळीकडे जात असल्यानं जठरातलीही थांबवते. थर पातळ झाला की आपलंच आम्ल आपल्याच भिंतीला खातं.

यातूनच दोन गैरसमजांचं उत्तर मिळतं. पहिला, "गोळी जेवून घेतली म्हणजे झालं." जेवून घेतल्यानं मळमळ कमी होते, अल्सरचा धोका जात नाही. दुसरा, "गोळी नको, सुई मारा, पोटाला त्रास नाही." सुईतलं औषधही रक्तातूनच जठरात पोचतं.

धोका कुठे वाढतो? वय ६५ च्या पुढे, आधी अल्सर होऊन गेलेला, दोन वेदनाशामकं एकदम, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडतं. चार दिवसांत गुडघा एकदम मोकळा झाला तर खूश होण्याआधी पुडीबद्दल शंका घ्या.

नुसत्या अंगदुखीला पॅरासिटॅमॉल जठराच्या दृष्टीनं पुष्कळ बरं. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, दोन वेळांत किमान चार-सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. दारू पिणाऱ्याला, यकृताचा आजार असलेल्याला किंवा वजन फार कमी असलेल्याला त्याहून बरंच कमी, तेही विचारून. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. "पॅरासिटॅमॉल"च्या शेजारी अधिकचं चिन्ह आणि पुढे वरच्या यादीतलं एखादं नाव असेल तर ती साधी गोळी नव्हे.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन चालू असेल तर हा धागा वाचून ती बंद करू नका. ती थांबवण्याचा धोका वेगळा असतो. डॉक्टरांना विचारून सोबत आम्ल कमी करणारी गोळी घेता येते.

येरळामाई
आणि दूध? पोटात आग पडली की घरोघरी थंड दूधच देतात.

आहार_सांगलीवाडी
ताई, दुधानं तात्पुरतं शांत वाटतं हे खरं, आम्ल काही वेळ त्यात मुरतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. तासा-दोन तासांनी परत तेच. एखाद्या रात्री घेतलं तर बिघडत नाही, त्याला उपचार समजून महिनोन्महिने पेले रिचवू नयेत.

खायच्या सोड्याचंही तसंच. भरपूर गॅस होऊन ढेकर येतो आणि हलकं वाटतं, पण त्यात सोडियम फार. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रोज घेऊ नये.

मिरचीवर मात्र आपण उगाच सगळा दोष टाकतो. खरड्यानं किंवा कांदा-लसूण मसाल्यानं अल्सर होत नाही. असलेल्या जखमेला झोंबतो, त्यामुळे बरं होईपर्यंत ज्यानं त्रास होतो ते कमी करावं. आयुष्यभर बेचव खाण्याची शिक्षा नको. तंबाखूचं मात्र तसं नाही. विडी-सिगारेटमुळे अल्सर भरायला वेळ लागतो आणि तो परत उलटतो. उपचार चालू असेपर्यंत तरी मळलेली तंबाखू आणि मिश्री बंदच ठेवा. बायका मिश्रीला तंबाखू समजत नाहीत आणि डॉक्टरांनी व्यसन विचारलं की नाही म्हणतात. तपासताना मुद्दाम "मिश्री लावता का?" असंच विचारायला हवं.

उपासाच्या दिवशी सकाळपासून नुसता चहा आणि दुपारी तळलेला साबुदाणा वडा, हे अल्सरवाल्याला सोसत नाही. उपास करायचाच तर दर तीन तासांनी थोडं राजगिऱ्याचं किंवा वरीचं काहीतरी, आणि चहा रिकाम्या पोटी नको.

प्रयोगशाळा_मिरज
एका मुख्य कारणाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जंतू. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो रुग्णांच्या जठरातून वाढवून दाखवला. तोवर अल्सर म्हणजे ताण आणि तिखट, असंच मानत. लोक ऐकेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः प्यायला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आपल्या देशात अर्ध्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो, बहुतेक लहानपणीच घरातून आलेला. त्यातल्या बहुतेकांना अल्सर होत नाही. पण अल्सर सापडला तर हा जंतू शोधलाच पाहिजे, नाहीतर जखम भरते आणि काही महिन्यांनी परत येते.

तपासणीत लोकांचे पैसे वाया जातात म्हणून स्पष्ट लिहितो. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी जंतू आज आहे की पूर्वी होऊन गेला ते सांगत नाही. श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचाची अँटीजेन (जंतूचे अंश शोधणारी) चाचणी आजची स्थिती सांगते. एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघणं, होणारच असेल तर तिथेच छोटा तुकडा घेऊन तपासता येतो. या तिन्हींच्या आधी आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असाव्या लागतात. जंतू दबलेला असला की अहवाल निगेटिव्ह येतो आणि माणूस खोट्या समाधानात राहतो. गोळ्या कधी थांबवायच्या ते मात्र डॉक्टरांनी ठरवायचं. नुकता रक्तस्राव झालेल्यानं त्या थांबवायच्या नसतात.

कृष्णाकाठ, कराड
उपचार बहुधा चौदा दिवसांचा असतो: आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा, सोबत दोन अँटिबायोटिक, कधी बिस्मथही. फसतो तो एकाच जागी. पाचव्या दिवशी दुखणं थांबतं, तोंडाला धातूसारखी चव येत असते, जुलाब होत असतात, माणूस गोळ्या सोडतो. उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. या अँटिबायोटिकांत मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल असेल तर ते चालू असताना दारूचा थेंब नको. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी परत श्वासाची किंवा शौचाची चाचणी, जंतू खरंच गेला का ते बघायला. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

आता रोजची गोळी. पँटोप्रॅझोल ४० किंवा ओमेप्रॅझोल २० सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. ती आतड्यातून रक्तात जाते आणि रक्तातून जठरातल्या आम्लाच्या पंपांपाशी पोचते. जे पंप चालू आहेत त्यांनाच ती बंद करते, आणि पंप चालू होतात खाण्यामुळे. झोपताना किंवा जेवणानंतर घेतली तर निम्मं काम वाया. चावायची नाही, कुटायची नाही, वरचं आवरण आम्लापासून वाचण्यासाठीच असतं. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. दुखणं आठवड्यात थांबलं तरी ड्युओडेनमची जखम भरायला साधारण चार आठवडे, जठराची भरायला आठ.

सुक्राल्फेटचं पातळ औषध दिलं असेल तर ते रिकाम्या पोटी, आणि दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तास लांब. ते जखमेवर लेप धरतं, तसंच बाकीच्या औषधांनाही धरून ठेवतं.

माणदेशी_दहिवडी
पाठीत जाणाऱ्या दुखण्याबद्दल सांगा. आमच्याकडून मोठं रुग्णालय लांब. कधी थांबायचं आणि कधी निघायचं?

सिव्हिल_सिस्टर
मागच्या भिंतीवरचा अल्सर खोल जाऊन स्वादुपिंडाला भिडला की दुखणं खळगीतून आरपार पाठीत जातं. आधी जेवणानं, गोळीनं थांबणारं दुखणं आता कशानंच थांबत नाही, दिवसरात्र राहतं. ही तऱ्हा बदलली की त्याच आठवड्यात तपासायला जा. अल्सर तोच आहे, पण पुढे गेलाय, असा त्याचा अर्थ.

त्याच क्षणी निघायचं ते अल्सर फुटल्यावर. खळगीत सुरी खुपसल्यासारखी एकाएकी कळ येते, मिनिटांत सगळ्या पोटात पसरते, पोट फळीसारखं कडक होतं. मुतखड्याचा माणूस गडाबडा लोळतो, हा मात्र गुडघे पोटाशी घेऊन हलायचंही टाळतो, खोल श्वाससुद्धा घेत नाही. कधी खांद्याच्या टोकाला दुखतं, कारण सांडलेलं आम्ल छाती-पोटामधल्या पडद्याला चाटतं आणि त्या पडद्याची नस मानेतून येते.

यात फसवी गोष्ट एकच, ती नीट लक्षात ठेवा. काही तासांनी दुखणं जरा कमी होतं. पोटात पाणी सुटून आम्ल पातळ झालेलं असतं, एवढंच. घरचे म्हणतात उतार पडला, सकाळी बघू. सकाळपर्यंत जंतुसंसर्ग सगळ्या पोटात झालेला असतो.

तोंडानं काहीही द्यायचं नाही: पाणी, दूध, सोडा, गोळी, काहीच नाही. १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं ठिकाण गाठा. दहिवडीकडून साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, जत-आटपाडीकडून सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरज. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या आणि कळ किती वाजता आली ते कागदावर लिहा.

रक्तस्रावालाही तीच घाई. उलटी लाल किंवा चहाच्या चोथ्यासारखी, शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

शरीरशास्त्र_विटा
आणि हृदय. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका नेमका याच खळगीत जाणवू शकतो, मळमळीसकट. चाळिशी ओलांडलेला, मधुमेही, विडी ओढणारा, जिना चढताना खळगीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, जबडा किंवा हात भरून येतोय, तर पित्ताची गोळी देऊन वाट बघू नका. पहिला ईसीजी. तो बरोबर आला तर जठराचा विचार करायला दिवस पडलाय.

ऊसपट्टा_वाळवा
रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते. फरक कसा ओळखायचा?

सिव्हिल_सिस्टर
लोहाची शी काळपट हिरवी, घट्ट, नेहमीसारखी बांधलेली असते आणि वासात फरक नसतो. बिस्मथनंही शी आणि जीभ काळी होते. रक्ताची शी चकचकीत, पातळसर, चिकट, भांड्याला धरून बसते, पाणी ओतलं तर कडेनं लालसर सुटते. वास एकदा घेतला की विसरत नाही. शंका असेल तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि शौच तपासणी करून घ्या.

येरळामाई
एन्डोस्कोपी सगळ्यांनाच लागते का? लोक नळी म्हटलं की पळतात.

सिव्हिल_सिस्टर
सगळ्यांना नाही. तरुण माणूस, थोडे दिवस दुखतंय, बाकी काही नाही, तर जंतूची चाचणी आणि औषधावर भागतं. पन्नाशी-साठीच्या पुढे नव्यानं सुरू झालेलं दुखणं, वजन उतरणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, रक्त कमी, काळी शी, यापैकी एक जरी असेल तर लागतेच. जठरात अल्सर दिसला तर कडेचे तुकडे तपासायला पाठवतात, कारण कर्करोगही तसाच दिसू शकतो आणि गोळ्यांनी तोही काही दिवस दबतो. म्हणून आठ ते बारा आठवड्यांनी परत बघतात. ती दुसरी खेप चुकवू नका.

आदल्या रात्री हलकं जेवण, मग सहा ते आठ तास पोट रिकामं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, करंगळीएवढ्या जाडीची नळी जाते. पाच-दहा मिनिटं. श्वासाची वाट वेगळी असते, जीव गुदमरत नाही, नाकानं सावकाश श्वास घेत राहायचा. घसा बधिर असेपर्यंत, साधारण तासभर, पाणी प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. दातांची कवळी आधीच काढून रुमालात ठेवा.